सायलीच्या दुधाची तिसरी बॅच

"सेम डोनर," हाफिझ फोनवर म्हणाला. "ग्रोथ अगेन."

हाफिझ आमच्या हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये होता. वाईट बातमी तो चार शब्दांत द्यायचा. चांगली बातमी असली तर फोनच करायचा नाही, नुसता रिपोर्ट पाठवायचा. त्यामुळे त्याचा नंबर दिसला की फोन घ्यावासाच वाटायचा नाही.

"आफ्टर हीटिंग?" मी विचारलं.

"आफ्टर हीटिंग."

म्हणजे दुसरी बॅचही गेली. जवळजवळ तीन लिटर दूध, तेही आईचं. मी फोन ठेवला आणि जे काही पुटपुटले ते इथे लिहिण्यासारखं नाही.

ही गोष्ट २०१८ ची. मी पुण्यात मायक्रोबायॉलॉजी शिकले, नवऱ्याच्या नोकरीमागे सिंगापूरला आले आणि एका हॉस्पिटलच्या मिल्क बँकेत कामाला लागले. मिल्क बँक म्हटलं की लोकांना डेअरी वाटायची. आमच्या कॉन्डोच्या लिफ्टमध्ये एका गृहस्थांनी मला गाईच्या दुधाचा भाव विचारला होता. तेव्हापासून मी कुणाला फार सांगायला जात नसे. इथे मात्र सांगावं लागेल.

ज्या आईला स्वतःच्या बाळाला पुरून उरेल इतकं दूध येतं, ती जास्तीचं दूध घरी पंपाने काढते आणि फ्रीझरमध्ये ठेवते. आमचा माणूस ते बर्फाच्या खोक्यातून आणतो. आम्ही एका आईचं दूध एकत्र करतो, त्याला बॅच म्हणायचं. ते साडेबासष्ट डिग्रीवर बरोबर अर्धा तास तापवायचं, लगेच थंड करायचं आणि त्यातलं थेंबभर लॅबला पाठवायचं. लॅबमध्ये दोन दिवस वाट बघायची. त्यात एक जरी जंतू वाढला, तर सगळी बॅच फेकायची. एकही म्हणजे एकही. हे दूध ज्यांना जातं ती बाळं दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मलेली असतात. त्यांचं आतडं इतकं कोवळं असतं की पावडरचं दूध त्यांना सोसेलच असं नाही. आतडं सुजतं, सडतं, कधी पोट उघडावं लागतं. आईचं दूध, मग ते कुठल्याही आईचं असो, हा धोका बराच कमी करतं.

तापवल्यावर बहुतेक जंतू मरतात. पण मातीतले काही जंतू फार कोडगे असतात. ते स्वतःभोवती एक कवच करून आत झोपून राहतात. मटकी भिजवली की त्यात चार गणंग निघतात ना, भिजत नाहीत आणि शिजत नाहीत, तसे. आमच्या अर्ध्या तासाने त्यांचं काही बिघडत नाही. दूध थंड झालं की ते उठतात आणि वाढायला लागतात. हाफिझ म्हणत होता ती डोनर म्हणजे सायली, आणि तिच्या दोन्ही बॅचमध्ये हेच गणंग निघाले होते.

तासाभरात डॉक्टर लिमनी मला बोलावलं. त्या आमच्या प्रमुख. टेबलावर एक पेन, एक फाइल, बाकी काही नाही. अशा टेबलाची मला पहिल्यापासून भीती वाटते.

"उर्मिला, हाउ कॅन? एकाच डोनरचं दोनदा?"

"शोधते."

"तिसऱ्यांदा झालं तर डोनर बंद. रूल इज रूल."

"माहीत आहे. पण डॉक्टर, आत्ता सगळ्यात जास्त दूध तिचंच येतंय."

"तेही मला माहीत आहे," त्या म्हणाल्या आणि फाइल मिटली.

चायनीज न्यू इयर नुकतंच संपलं होतं. त्या दिवसांत अर्ध्या डोनर माहेरी, गावाला, कुठे कुठे जातात. परतल्यावर कुणाला सर्दी, कुणाचं औषध चालू, म्हणजे त्यांचं दूध चालत नाही. फ्रीझर रिकामा होत चालला होता. आणि वॉर्डात पाच नंबरच्या काचपेटीत एक मुलगी होती. सत्ताविसाव्या आठवड्यात जन्मलेली, माझ्या तळहाताएवढी. तिची आई बाळंतपणानंतर स्वतःच आयसीयूत होती, तिला दूध येण्याचा प्रश्नच नव्हता. नर्स त्या मुलीला मेमे म्हणायच्या, म्हणजे छोटी बहीण. मेमेला दर दोन तासांनी नळीतून जेमतेम चमचाभर दूध जायचं. तो चमचाभर आमच्याकडून जायचा.

मी शोधायला लागले. आधी आमचं घर तपासायचं हा माझा नियम. दूध तापवायच्या मशीनचा थर्मामीटर तपासला, बरोबर होता. रिकाम्या बाटल्या लॅबला पाठवल्या, स्वच्छ निघाल्या. बर्फाच्या खोक्याला आतून बाहेरून कापसाचे बोळे फिरवून तेही लॅबला पाठवले. कुरियरवाल्याला वाटलं मी त्याच्यावर संशय घेतेय, तो माझ्याशी बोलेनासा झाला. मशीनच्या कंपनीचा माणूस म्हणाला दोष लॅबचा असणार, हाफिझ म्हणाला मशीनचा असणार, आणि स्टोअरवाली बाई म्हणाली तिला यातलं काही माहीत नाही, तिला फक्त फॉर्म हवा. या सगळ्यात एक आठवडा गेला. दरम्यान बाकी सगळ्या डोनरचं दूध त्याच मशीनमधून, त्याच बाटल्यांतून निर्मळ निघत होतं. म्हणजे जे काही होतं ते सायलीच्या घरात होतं.

मी तिला फोन केला आणि दोन दिवसांनी सकाळी येते म्हणून सांगितलं.

सायली राहायची हौगांगला, चिनी वस्तीच्या भागात, सातव्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये. आयटीतली मुलगी, मूळची साताऱ्याची, त्या वेळी मॅटर्निटी लीव्हवर. तिची मुलगी ईरा दिवस भरायच्या सात आठवडे आधी जन्मली होती आणि पहिले तीन दिवस आमच्याच बँकेच्या दुधावर होती. सायलीला दूध यायला लागलं ते मग आवरेना. डोनर व्हायला आली तेव्हा ती मला म्हणाली होती, "ताई, माझ्या ईराला तेव्हा कोणीतरी दिलं होतं ना." असं बोलणारी डोनर मिळाली की मी तिला सोडत नाही.

दार तिच्या सासूबाईंनी उघडलं. सुमनकाकू. नातीसाठी व्हिजिट पासवर आल्या होत्या. मी युनिफॉर्ममध्ये, गळ्यात बॅज, हातात क्लिपबोर्ड. मी मराठीत नमस्कार केला तरी त्या नुसत्या मान हलवून बाजूला झाल्या. घर आरशासारखं. सगळ्या खिडक्या सताड उघड्या, तिन्ही पंखे फुल स्पीडवर. काकू ईराला घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसल्या त्या मी जाईपर्यंत बाहेर आल्या नाहीत. मला वाटलं, असतात काही बायका अबोल.

चेकलिस्ट इंग्रजीत होती. मी एकेक प्रश्न वाचला. पंप रोज उकळतेस का? हो. हात किती वेळ धुतेस? बाळाला इन्फेक्शन? नाही. घरात पाळीव प्राणी? नाही. घरात कुणी सिगरेट ओढतं का?

"छे हो ताई!" सायली हसली.

मग तिने मला दूध काढून दाखवलं. हात धुतले, पंप जोडला, दूध काढलं, आमच्या बाटलीत ओतलं, झाकण लावलं, नाव आणि वेळ लिहिली, फ्रीझरमध्ये ठेवली. पुस्तकात छापावं असं. मी ओटा, सिंक, पंप, फ्रीझरची कड, सगळीकडे बोळे फिरवले. सगळे स्वच्छ निघाले. रिपोर्टमध्ये मी लिहिलं, "सॅटिस्फॅक्टरी," आणि खाली सही केली. या सहीचा मला पुढे फार मनस्ताप झाला.

रिपोर्ट लिहून झाला तरी माझं समाधान होईना. सायलीच्या अजून न तापवलेल्या काही बाटल्या आमच्या फ्रीझरमध्ये होत्या. एक काढली आणि दिव्याखाली धरून झाकण उघडलं. झाकणाच्या आट्यांत काहीतरी करडं, बारीक अडकलेलं होतं. दुसरी उघडली, तिच्यातही. मी ते काचेवर घेतलं आणि मायक्रोस्कोपखाली पाहिलं.

राख होती.

मी धावत डॉक्टर लिमकडे गेले. त्यांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. "जॉस पेपर," त्या म्हणाल्या.

सिंगापूरमध्ये राहणाऱ्याला हे समजावावं लागत नाही. चिनी लोक पितरांसाठी कागदी नोटा जाळतात. प्रत्येक ब्लॉकखाली त्यासाठी लोखंडी पिंप असतं, आणि राख उडून वरच्या मजल्यांवर जाते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते. नवीन वर्षाचे दिवस, हौगांग, सातवा मजला, सताड उघड्या खिडक्या. सगळं बरोबर जुळत होतं. हाफिझसुद्धा "मेक्स सेन्स" म्हणाला, आणि हाफिझ कशालाच तसं म्हणत नाही.

मी सायलीला फोन केला. "दूध काढताना आणि बाटलीत भरताना सगळ्या खिडक्या बंद ठेव. खालची राख येतेय. झाकणांत सापडली मला."

"अय्या! बरं झालं सांगितलंत. आईंनाही सांगते, बाटल्या त्याच भरतात ना."

हे वाक्य मी ऐकलं. कानाने ऐकलं, डोक्यापर्यंत पोचलं नाही. मला त्या क्षणी फक्त राख सापडल्याचा आनंद होता. आजही ते आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

उरलेल्या बाटल्या मी फेकल्या. चार दिवसांत नवीन दूध आलं. प्रत्येक झाकण मी भिंगाखाली पाहिलं. सगळी लख्ख होती. तापवलं, सॅम्पल पाठवलं आणि दोन दिवस देव पाण्यात घालून बसले.

तिसऱ्या दिवशी हाफिझचा फोन आला.

"नको," मी मराठीतच म्हणाले.

"ग्रोथ," तो म्हणाला. "मोर दॅन लास्ट टाइम."

आधीपेक्षा जास्त! खिडक्या बंद करून जास्त! मी खुर्चीवर बसले. पंधरा वर्षं मी जंतूंबरोबर काढली, पण मला इतकं मूर्ख कुणी बनवलं नव्हतं. डॉक्टर लिमनी मेल पाठवली, एका ओळीची. डोनर बंद करावा, पत्र द्यावं. त्याखाली वॉर्डाची मेल होती. लहान बाळांसाठी राखून ठेवलेलं दूध चार दिवस पुरेल, त्यानंतर पाच नंबरला फॉर्म्युला सुरू करावा लागेल.

नव्या दोन डोनर रांगेत होत्या, पण त्यांच्या रक्ताचे रिपोर्ट यायला आठवडा होता. बाकीच्यांचं थोडं थोडं येत होतं आणि ते वाटून संपत होतं. मी वॉर्डात जाऊन मेमेला बघून आले. बघायला जाऊ नये, मला माहीत आहे. तिने झोपेत एक हात वर केला होता, माझ्या करंगळीच्या पेराएवढी मूठ. मला रडू आलं आणि रडू आल्याचाही राग आला.

पत्र मेलने पाठवता आलं असतं. मी सायलीला फोन केला तर ती बोलता बोलता रडायला लागली. "ताई, माझंच दूध वाईट आहे का? मग ईराला काही होईल का?" तिला काय सांगणार? ईरा तर गुटगुटीत होत होती. तेच तर मला कळत नव्हतं. मी म्हटलं रडू नकोस, मी एकदा येऊन जाते. कधी ते बोलायचं राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला मी हौगांगला पोचले. युनिफॉर्म नव्हता, पंजाबी ड्रेसवर गेले होते. लिफ्टमधून बाहेर पडले आणि कॉरिडॉरमध्येच थबकले.

वास. ओव्याचा, वावडिंगाचा, बाळंतशोपांचा आणि त्यामागे तो जाडसर, गोडसर वास. हा वास मला पाठ आहे. माझ्या दोन्ही बाळंतपणांत रोज सकाळी माझ्या आईने मला या वासात बसवलं होतं.

दार लोटलेलं होतं. मी ढकललं. सगळ्या खिडक्या गच्च बंद, मी सांगितल्याप्रमाणे. हॉल धुराने भरलेला. मधोमध जमिनीवर धुपाटणं, त्यात गोवरीचा निखारा, त्यावर काकूंनी टाकलेली धुरी. नुकतीच न्हाऊन निघालेली ईरा काकूंच्या मांडीवर, तिला धुरावर अलगद धरून त्या काहीतरी गुणगुणत होत्या. आणि शेजारी पाटावर आमच्या बँकेच्या तीन बाटल्या. उघड्या. काकूंनी ईराला खाली ठेवलं, एक रिकामी बाटली उचलली, उपडी करून धुरावर धरली आणि मग पंपातलं ताजं दूध तिच्यात ओतायला लागल्या.

"काकू!" मी इतक्या जोरात ओरडले की ईराने भोकाड पसरलं.

काकूंच्या हातातली बाटली कलंडली. सायली ओल्या केसांनी बाथरूममधून धावत आली. "काय झालं? ताई? तुम्ही?"

"हे काय चाललंय?"

"धुरी," सायली गोंधळून म्हणाली. "बाळाला देतात ती. आई रोज देतात, त्या वेळी मी आंघोळीला जाते. पण बाटल्या..." तिनेही पाटाकडे पाहिलं. "आई, बाटल्या कशाला?"

काकू उठून उभ्या राहिल्या. घाबरल्या होत्या. "बाई, तुम्ही लिहून न्या काय न्यायचं ते. पण आता खिडक्या लावते मी. बाहेर अजिबात जात नाही धूर. शेजारणीला विचारा हवं तर."

मला काही उलगडेना. सायलीने कपाळावर हात मारला. समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंनी महिन्यापूर्वी धुराची तक्रार केली होती. लिफ्टपाशी नोटीस लागली होती. मी बॅज लावून, क्लिपबोर्ड घेऊन गेले तेव्हा काकूंना मी त्या तक्रारीची चौकशी करणारी सरकारी बाई वाटले होते. म्हणून धुपाटणं पलंगाखाली, पंखे फुल, खिडक्या उघड्या आणि काकू आतल्या खोलीत. त्या दिवशी बाटलीही सायलीनेच भरली, एरवी रोज काकू भरायच्या. आणि मग मीच फोन करून खिडक्या बंद करायला सांगितलं. काकूंना वाटलं, साहेबांनी परवानगी दिली, फक्त धूर बाहेर जाऊ नये. राख झाकणाला लागते हे कळल्यावर त्यांनी प्रत्येक झाकण धुतल्या फडक्याने पुसूनही ठेवलं होतं.

मी खाली बसले, जमिनीवरच. "काकू, बाटल्यांना धुरी कशासाठी? त्या बंद पिशवीतून येतात, स्वच्छच असतात."

"स्वच्छतेसाठी नाही हो," काकू म्हणाल्या. त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "सायली म्हणाली, हे दूध दवाखान्यातल्या बाळाला जातं. दिवस न भरलेलं बाळ. आमच्या ईराला मी रोज हातात धरून देते धुरी. त्या बाळाला काचेच्या पेटीत कोण देणार? म्हटलं, निदान दुधाबरोबर थोडी जाईल."

मी तीन आठवडे त्या अज्ञात गुन्हेगाराला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या. तो गुन्हेगार आता मला पाणी आणून देत होता.

ईरा गुटगुटीत का, हेही कळलं. ती आईच्या अंगावर प्यायची. बाटली तिच्या वाट्याला कधी आलीच नाही. धुरीची बाटली फक्त परक्या बाळाची होती.

मी काकूंना समजावलं. गोवरी शेणाची. शेणात मातीतले जंतू, ते कवचवाले. "आगीत सगळं जळतं की," काकू म्हणाल्या. मी म्हटलं, निखाऱ्यात जळतात, पण कडेची गोवरी नुसती धुमसते, तिची राख आणि बारीक भुकटी धुराबरोबर वर येते. बाटली उपडी धरली की आत जाते. मोठ्या माणसाला काही होत नाही. त्या मुलीला होऊ शकतं.

"मुलगी आहे?" काकूंनी विचारलं.

कुणाचं दूध कुणाला जातं हे सांगायचं नाही, हा आमचा पहिला नियम. मी ओठ आवळले. पण काकूंचा चेहरा पांढरा पडला होता.

"माझ्या हातून काही झालं का तिला?"

"नाही काकू. एक थेंबही पोचला नाही. आम्ही सगळं फेकलं."

त्या मटकन खाली बसल्या आणि पदराने डोळे पुसत राहिल्या. सायली त्यांच्या पाठीवर हात फिरवत होती. मीही थोडी रडले. मग घड्याळ पाहिलं. तीन दिवस उरले होते.

गोवरीचं उरलेलं पाकीट मी काकूंकडून मागून घेतलं. लिटिल इंडियातल्या पूजेच्या दुकानातलं, व्यवस्थित प्लास्टिकमध्ये बांधलेलं. टॅक्सीने थेट ऑफिस गाठलं आणि ते डॉक्टर लिमच्या त्या रिकाम्या टेबलावर ठेवलं.

"व्हॉट इज धिस?"

"काउ डंग."

"ऑन माय टेबल?"

मी सगळं सांगितलं. ऐकून होईपर्यंत त्या एकदाही मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "थ्री टाइम्स, उर्मिला. डोनर आउट. रूल."

"तो रूल कारण माहीत नसेल तेव्हासाठी आहे. कारण तुमच्या टेबलावर आहे."

"आणि होम व्हिजिटचा रिपोर्ट? सॅटिस्फॅक्टरी कोणी लिहिलं?"

"मी. तेही लिहा."

त्यांनी पाकिटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "स्मॉल बॅच. नवीन बाटल्या. दोन दिवस पूर्ण टेस्ट, शॉर्टकट नाही. आणि ग्रोथ आली तर तूच तिला सांगायचं." मग पाकीट पेनाच्या टोकाने माझ्याकडे सरकवलं. "हे घेऊन जा, प्लीज."

हिशेब काठावरचा होता. सायलीने त्या दुपारपासून दुसऱ्या सकाळपर्यंत दूध काढलं आणि स्वतः बाटल्या भरल्या. या वेळी खोक्याबरोबर मीही गेले. खिडक्या उघड्या, धुपाटणं घासून कट्ट्यावर पालथं घातलेलं. बाटल्या सीलबंद होऊन खोक्यात गेल्या, खोक्याला टेप लागली. तेव्हा काकू पुढे आल्या, मूठ मिटलेली.

"उर्मिला, धूर नाही गं. नुसतं मीठमोहरी. खोक्यावरून, बाहेरून. चालेल?"

मी चेकलिस्ट आठवली. सीलबंद खोक्यावरून मीठमोहरी ओवाळण्याबद्दल तिच्यात काही नव्हतं. "चालेल," मी म्हटलं.

कॉरिडॉरमध्ये काकूंनी त्या निळ्या खोक्याची दृष्ट काढली. अनोळखी मुलीची, जिचं नावही त्यांना माहीत नव्हतं. कुरियरवाला खोकं धरून निमूट उभा होता. शेवटी म्हणाला, "आंटी, मी ऑल्सो कॅन?" काकूंनी त्याच्यावरूनही मूठ फिरवली. त्या दिवसापासून तो माझ्याशी पुन्हा बोलायला लागला.

दूध तापवलं. सॅम्पल गेलं. पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी वॉर्डातून फोन आला, उद्या सकाळचंच दूध उरलंय, पुढचं काय? मी म्हटलं, उद्या सांगते.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी फोनकडे बघत बसले. नऊ वाजले. साडेनऊ वाजले. हाफिझचा फोन आला नाही. पावणेदहाला माझ्या डोक्यात प्रकाश पडला आणि मी मेल उघडली. रिपोर्ट सव्वाआठलाच येऊन पडला होता. नो ग्रोथ.

दहाच्या फीडला मेमेला सायलीचं दूध गेलं. नर्सने नळी वर धरली, दूध हळूहळू उतरलं. बघण्यासारखं त्यात काही नसतं. तरी मी शेवटचा थेंब उतरेपर्यंत उभी राहिले.

मेमे आणखी काही आठवडे आमच्याकडे होती. मध्ये तिची आई बरी होऊन आयसीयूतून बाहेर आली, तिला थोडं थोडं दूधही यायला लागलं. मुलगी घरी गेली तेव्हा तिचं वजन दोन किलोच्या वर होतं. काकू त्याआधीच साताऱ्याला परतल्या होत्या. जाण्याआधी त्यांनी फोन करून विचारलं होतं, "ते बाळ कसं आहे?" मी म्हटलं, "काकू, सांगता येत नाही, नियम आहे." त्या बरं म्हणाल्या. फोन ठेवता ठेवता मी म्हटलं, "काळजी करू नका." एवढं नियमात बसतं असं मी ठरवलं आहे.

डॉक्टर लिमनी चेकलिस्टमध्ये एक नवीन प्रश्न घातला. घरात कोणीही, कोणत्याही कारणासाठी, कोणतीही वस्तू जाळतं का? पुढची डोनर आंग मो किओ भागात राहणारी चिनी मुलगी होती. तिने "नो" लिहिलं. मी पेन खाली ठेवलं आणि तिच्या सासूला विचारलं, "आंटी, बाळासाठी तुम्ही रोज काय काय करता?"

गोवरीचं पाकीट अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. नवीन मुली कामाला लागल्या की मी ते त्यांना दाखवते आणि सांगते, फॉर्म भरून झाला की क्लिपबोर्ड पिशवीत टाका, बॅज काढा आणि घरातल्या म्हातारीजवळ जाऊन बसा. ती चहा देईल, तो घ्या. मग तिला हाच एक प्रश्न विचारा. उत्तर लांबेल. मध्ये बोलू नका.